झूलवाल्याला 'ये' म्हणू नये

अकोला, २२ एप्रिल २०२५

श्री. अश्विन किसनराव खंडारे यांस,

जय भीम. सप्रेम वगैरे मी लिहिणार नाही, तूही वाचताना मनातल्या मनात घालू नकोस.

माझा फोन तू ब्लॉक करून ठेवला आहेस. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून पत्र. सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आताही लिहिली नसती. पण एका प्रश्नाचं उत्तर तुझ्याशिवाय कोणाकडे असूच शकत नाही. माझ्या आचलला 'झूलवाला' हा शब्द कोणी सांगितला?

आचल आता तिकडे तुमच्या अमरावतीत फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. तुला ठाऊक नसेल असं धरून लिहिते, कारण तू शेवटचा भेटलास तेव्हा ती सोळा वर्षांची होती. यंदा जयंतीला ती घरी आली नाही. जन्मल्यापासून पहिल्यांदा. परीक्षा आहे म्हणाली. मग परवा रविवारी उगवली, जेवली, आणि दुपारी मोबाइलवर कुठलातरी भुताचा पिक्चर लावून पलंगावर पडली. मी मशीनवर गिऱ्हाइकाचं ब्लाउज शिवत होते. तेवढ्यात ती स्वतःशीच हसून म्हणाली, "आला बाई झूलवाला."

माझा पाय मशीनवर तिथंच थांबला.

हा शब्द जगात फक्त आपल्या दोघा भावंडांचा आहे. मूर्तिजापूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, मे महिन्याच्या दुपारी, शेजारच्या टेंट हाउसवाल्या काकांचा व्हिडिओ रिकामा पडलेला असायचा. दाराला ओलं पोतं लावून आपण रक्तपिशाच्चांचे पिक्चर बघायचो. कॅसेटवर नावं नसायची, म्हणून नावं आपणच ठेवायचो. नळीचा पिक्चर. दाराचा पिक्चर. बर्फाचा पिक्चर. त्या रक्तपिशाच्चाचा तो लांब काळा झगा बघून तू म्हणाला होतास, "माये, पोळ्याच्या बैलावानी झूल घालून आला पाय हा." तेव्हापासून तो झूलवाला. बाहेरच्या कोणाला हे कधी सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही, कारण दुपारी ती बाहेर असायची आणि तिला वाटायचं आपण झोपलोय.

मी आचलला विचारलं, "हा शब्द कुठून आणला व?" तर म्हणाली, "असाच सुचला." असाच सुचत नाही. मी तिची आई आहे.

माझ्या मुलीला माझ्यामागे भेटत असशील तर का भेटतोस, एवढं सांग. उत्तराची वाट बघते.

माया

ता. क. दाराचा पिक्चर एक नंबर होता. तेव्हाही होता, आजही आहे. नळीच्या पिक्चरला एक नंबर देणारा तू एकटाच.


अकोला, ३० एप्रिल

अश्विनराव,

उत्तर नाही. बरं. चोराच्या मनात चांदणं.

मी काही खोदकाम करणारी बाई नाही. पण होस्टेलला माझा फोन चुकून लागला आणि वॉर्डन बाई स्वतःहून बोलायला लागल्या, त्याला मी काय करू? म्हणाल्या, आचल एकाआड एक रविवारी बाहेर जाते. रजिस्टरमध्ये लिहिते, "मामांकडे." तिला सख्खा मामा एकच आहे.

आता माझा संशय ऐक. आपण ते पिक्चर बघून एक गोष्ट शिकलो होतो. झूलवाला कोणाच्या घरात शिरला आहे ते घरच्यांना शेवटी कळतं, पण बघणाऱ्याला आधीच कळतं. पोरगी पांढरी पडते, दिवसा झोपते, अंग झाकते, विचारलं की हसते. आपण दोघं पोत्याआडून ओरडायचो, "अबे तिच्या मानेकडे पाय!" आणि तिचा तो मूर्ख बाप पेपर वाचत बसायचा.

मी पेपर वाचत बसलेली नाही. आचलचं जमलंय. पातूरचा चंदन गवई, झेडपी शाळेवर मास्तर, मुलगा शांत आहे. पंचवीस मे रोजी साखरपुडा. त्याचं ब्लाउज मीच शिवते आहे. माप घ्यायला उभी केली तर पोरगी म्हणते, बाही पूर्ण ठेव. मे महिन्यात! अकोल्यात! ज्या गावात झूलवाला दुपारच्या गाडीनं उतरला तर फलाटावरच राख होईल, तिथं ही मनगटापर्यंत बाही मागते. मी टेप लावायच्या निमित्तानं हात वळवला. कोपराच्या आतल्या बाजूला निळं-पिवळं झालेलं, मधोमध टोचल्याची खूण.

"हे काय?"

"कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. एकमेकींचं रक्त काढलं."

वीस वर्षं मी बायकांच्या बाह्या मापते. खोटं बोलणारीचा दंड ताठ होतो.

रक्त. म्हणजे तपासणी. म्हणजे तू. सहा वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू काय केलंस ते तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. भंतेजींचा परित्राण पाठ संपला, पंगत बसत होती. माझ्या सासूबाई, तानुबाई, पहिल्या पानावर. आणि तू सगळ्यांदेखत म्हणालास, "माये, आचलचं रक्त तपासून घे. सिकलसेलचं कार्ड काढ. दोघायच्या रक्तात असलं त लेकराले होते, लग्नाच्या आधी पायजेच." सासूबाई उठल्या. म्हणाल्या, "आमच्या खानदानात खोट काढून राहिले का बाप्पा तुमी?" आम्ही न जेवता निघालो. तू अडवलं नाहीस. मी बसस्टँडवर वळून बघितलं, तू आला नव्हतास.

आता लग्न जमलं तर पोरीचा हात टोचून काहीतरी कागद काढायचा आणि चंदनच्या घरी पोचवायचा, असं तुझं चाललंय का? कुठंतरी पाणी मुरतंय. आचल या घरातून हसत जायला पाहिजे, एवढंच मला हवं आहे. मध्ये येऊ नकोस.

माया


अकोला, १३ मे

अश्विन,

काल बुद्धपौर्णिमा होती. खीर केली होती. ती तशीच राहिली, कोणी खाल्ली नाही. त्याचं श्रेय तुला.

आचल आली होती. चंदन आणि त्याची आई भेटायला येणार म्हणून मी घर आवरलं, पडदे बदलले. ते बसले, पाणी झालं, खीर समोर गेली. आणि आचल सरळ चंदनला म्हणते, "तुमचं सिकलसेलचं कार्ड आहे का? माझं मी काढलंय. तुमचं बघितल्याशिवाय मी अंगठी घालणार नाही."

तेच शब्द. तीच वेळ, जेवायच्या आधीची. दादा, मला क्षणभर वाटलं तूच बसला आहेस तिथं, तिचा आवाज लावून.

चंदनच्या आईचा चेहरा उतरला. "काहून? तुमच्याकडे कोणाले हाय का?" मी म्हणाले, "नाही हो, आमच्याकडे कोणाला नाही, आजकालच्या पोरींची शिकलेली थेरं." ते निघून गेले. सासूबाई आतून म्हणाल्या, "मामाचे गुण मामाले सोडत नाई, अन् भाचीलेई."

मग आमचं भांडण. तिला मी नाही नाही ते विचारलं. अमरावतीत कोणी मुलगा आहे का, म्हणून हे लग्न मोडते आहेस का? रक्त विकतेस का कुठं? मामानं काय सांगितलं माझ्याबद्दल? ती आपली बॅग भरत राहिली. शेवटी रडत म्हणाली, "आई, मी कोणाले तरी शब्द दिला हाय. तू मले मारून टाक, पण विचारू नको." आणि सकाळच्या गाडीनं गेली.

शब्द कोणाला दिला हे मला कळत नाही असं समजू नकोस. आपल्या सगळ्या पिक्चरमध्ये झूलवाला नेमकं हेच करायचा. पोरीला आईपासून तोडायचा, तिच्याच तोंडून आपले शब्द बोलवायचा. तू माझं घर फोडतोयस आणि मी इथं बसून त्याला टाके घालते आहे. माझं बाळ आहे ती, अश्विन. एकच आहे.

मी तुझ्या दारात येऊन जाब विचारला असता. पण मी त्या दिवशी बसस्टँडवर शपथ घेतली होती की तू स्वतः 'ये' म्हटल्याशिवाय तुझ्या उंबऱ्याच्या आत पाय टाकणार नाही. शपथ अजून चालू आहे.

माया


अकोला, १८ मे

दादा,

हे पत्र कसं सुरू करू कळत नाही म्हणून आधी सांगते की मी तिचा पाठलाग केला नाही. मी आज अमरावतीला अस्तराचं कापड घ्यायला आले होते आणि माझी रिक्षा तिच्या रिक्षामागे होती, एवढंच.

ती तुझ्या घरी गेली नाही. दवाखान्यात गेली. मी फाटकाबाहेरच्या उसाच्या रसवंतीत बसले. म्हटलं आता तो मुलगा येईल, किंवा रक्त घेणारा दलाल. आणि तू आलास. मी तुला ओळखलं नाही, दादा. आधी डबा ओळखला. बाबांचा रेल्वेतला पितळी डबा, कडीला तार गुंडाळलेला. मग वर बघितलं. सगळे केस पांढरे. सहा वर्षांत माणूस एवढा पांढरा होतो का?

मग मी आत आले. डोक्यावरून पदर घेतला, तोंडाला ओढणी बांधली, उन्हाळ्यात कोणाला नवल वाटत नाही. जनरल वॉर्डच्या दाराशी एक बाकडं आहे, त्यावर तुझ्याकडे पाठ करून बसले. दोन वेळा तू माझ्याजवळून पाण्याची बाटली भरायला गेलास.

खाटेवर मैना होती. तुझी मैना. मी शेवटची बघितली तेव्हा दहा वर्षांची होती आणि माझ्या मांडीवर बसून बटणं मोजत होती. आता सोळाची असेल, पण अंग तेवढंच. डोळे हळदीसारखे. हाताला सलाइन, गुडघ्याखाली उशा, आणि दुखलं की दात आवळून गप्प राहायची तुझीच सवय. आचल तिच्याशेजारी खाटेवर बसलेली. एक इअरफोन हिच्या कानात, एक तिच्या. मोबाइलवर पिक्चर चालू.

मैना म्हणाली, "ताई, हा कोणत्या नंबरचा?"

आचल म्हणाली, "बाबाच्या मते चौथा, आत्याच्या मते सहावा."

आत्या म्हणजे मी. माझ्या नावानं तुझ्या घरात नंबर लागतात आणि मला पत्ता नाही.

मग तू काय बोललास ते मी शब्दन् शब्द ऐकलं. आचल म्हणाली, "मामा, मीच देते ना परत." तू म्हणालास, "एप्रिलातच देलं तू बेटा. चार महिने झाल्याबिगर घेत नाईत. पेढीत ओ निगेटिव्हची एकबी पिशवी नाई, उन्हाळ्यात कोण देते?" ती म्हणाली, "मग आईले सांगू द्या. आईचाबी गट हाच हाय." आणि तू म्हणालास, "नाई. तुह्या सोयरिकीच्या वक्ताले नाई. मामाच्या घरी सिकलसेल हाय म्हणून बोंब झाली तर तुह्यासंग माह्या मायाचीबी मान खाली जाईन. साखरपुडा होऊ दे."

माह्या मायाची म्हणालास. सहा वर्षांनी.

मी तेव्हाच उठायला पाहिजे होतं. उठले नाही. खरं सांगू का, राग आला होता. मैनाला सहा वर्षांपूर्वीच निघालं होतं ना? पुण्यानुमोदनाच्या आधीच? म्हणून तू आचलचं रक्त तपास म्हणालास. आपल्याच घरातून येतं ते, तुझ्यातून तसं माझ्यातूनही येऊ शकतं, म्हणून. मग तसं का नाही बोललास? "माये, माझ्या मैनाला निघालंय, मी घाबरलोय" एवढं म्हटलं असतंस तर सासूबाईंच्या शेजारून मी उठले असते आणि तुझ्या गळ्यात पडले असते. पोरीचं लग्न होणार नाही म्हणून लपवलंस. दहा वर्षांच्या पोरीचं लग्न! आपल्याकडे हेच करतात सगळे. आजार कपाटात ठेवायचा, आणि मग पोरंही त्याच कपाटात.

मी बसनं परत आले. बडनेरा गेलं तेव्हा आठवलं की अस्तराचं कापड घ्यायचं राहिलंच. मग मूर्तिजापूर आलं तशी खिडकीकडे तोंड करून रडले, बाजूच्या बाईनं मला लिंबाची गोळी दिली.

हे पत्र टाकत नाही. उद्या एक काम आहे, ते झालं की पुढचं लिहीन आणि दोन्ही एकदम देईन.

माया


अमरावती, २० मे, तुझ्या पायरीवर

दादा,

मापाच्या कागदाच्या मागे लिहिते आहे, अक्षर चालवून घे.

काल पातूरला गेले होते, एकटी. चंदनच्या आईला म्हणाले, "त्या दिवशी मी बोलले ते खोटं होतं. माझ्या भावाच्या मुलीला सिकलसेल आहे. तिचं नाव मैना. लपवायचं काही नाही. आचलचं कार्ड हे घ्या, तिच्यात काही निघालेलं नाही. तरी तुमच्या मुलाचं काढा, मग तारीख धरू." त्यांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. चहा न घेता मी निघाले. घरी सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला, आणि मग म्हणाल्या, "अश्विनची पोरगी जेवते का नीट?" संध्याकाळी चंदनचा फोन आला, तो आज रक्त द्यायला जाणार आहे तपासायला. त्याच्या आईचा काही फोन नाही. साखरपुडा पंचवीसला होईल असं वाटत नाही. ब्लाउज तयार आहे, बाही अर्धीच ठेवली आहे.

आचलनं आता फोनवर सगळं सांगितलं. कॉलेजच्या ग्रुपवर 'ओ निगेटिव्ह तातडीनं पाहिजे' असा मेसेज आला, खाली तुझं नाव. ती नाव वाचून गेली आणि तू तिला दारातच ओळखलंस. तू तिला पहिलं वाक्य काय म्हणालास तेही सांगितलं. "मायाले सांगू नको, पण थे कशी हाय थे सांग."

म्हणजे तू तिच्याकडून घेतलेल्या शब्दाला आता काही अर्थ उरला नाही. ज्याच्यासाठी लपवत होतास ते मी स्वतःच सगळ्यांना सांगून बसले. ओरडायचं असेल तर ओरड.

सकाळी दवाखान्यातल्या रक्तपेढीत गेले. हिमोग्लोबिन भरलं. तिथली मुलगी म्हणाली, "काकू, नातं काय पेशंटचं?" मी म्हणाले, आत्या. खाटेवर पडले, मुठीत चेंडू दिला, दाब-सोड करत राहिले, आणि समोर ती लाल नळी. दादा, मला हसायलाच आलं. नळीचा पिक्चर! तो दाढीवाला डॉक्टर बाही वर करून त्या पोरीला स्वतःचं रक्त देतो आणि तू डोळे पुसायचास. मी तुला चिडवायचे, भुताच्या पिक्चरात कोणी रडतं का म्हणून. एक नंबर होता तो. तुझंच बरोबर होतं. पिशवी तपासून तुमच्या नावावर ठेवली आहे, दुपारनंतर लावतील म्हणाले. बिस्किट दिलं, ते मैनासाठी पर्समध्ये ठेवलं आहे.

वॉर्डात विचारलं तर कळलं, तिला दोन तासांसाठी अंघोळीला घरी आणली आहे. म्हणून इथं आले.

आता ऐक. तुझं दार लोटलेलं आहे. आतून कूलरचा आवाज येतोय, वाळ्याचा वासही येतोय. मी कडी वाजवलेली नाही. ऊन असं आहे की पायरीवर चप्पल ठेवून त्यावर बसले आहे. माझी शपथ अजून तशीच आहे आणि तू मला ओळखतोस, मी ती मोडणार नाही. मी चक्कर येऊन पडले तरी चालेल, पण तू म्हटल्याशिवाय आत येणार नाही.

दाराच्या पिक्चरात झूलवाला असाच बाहेर उभा असायचा, आठवतं? कोणी आत बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता यायचा नाही. ती लहान मुलगी दार उघडायची आणि आपण दोघं पोत्याआडून घसा फोडायचो, "नको म्हणू, ये नको म्हणू!" दर वेळी ती म्हणायचीच.

हे सगळे कागद दाराखालून सरकवते आहे. आतून मैना विचारते आहे, "बाबा, भायेर कोण हाय व?" तुझी चप्पल वाजली, दाराशी येऊन थांबली.

दादा, बाहेर माया आहे. या वेळी ये म्हण.